पाच वर्षांची फी एकदम भरावी का?

प्रश्न: मुलगी तिसरीत आहे. ती वाचनात मागे आहे असं आम्हाला वाटतं, पण प्रगतिपुस्तकावर दरवेळी 'समाधानकारक' असाच शेरा येतो. दुसरी एक बरीच महाग शाळा पाच वर्षांची फी आत्ताच्या दराने एकरकमी भरून घ्यायला तयार आहे. अडीअडचणीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून भरू का? शाळेतलं आम्हा दोघांनाही फारसं कळत नाही.

उत्तर: एकरकमी तर अजिबात भरू नका. शाळा बदलायची का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याकडे नंतर येतो.

यंदाची फी १०० धरा आणि दरवर्षी १० टक्के वाढ. पाच वर्षांची बेरीज ६१० च्या थोडी वर जाते. शाळा ५०० मागते, म्हणजे ११० वाचले असं वाटतं. पण पैसे तुमच्याकडेच राहिले आणि कर वजा जाता वर्षाला ७ टक्क्यांनी वाढले, तर ही सगळी वाढीव फी भागवायला आज साधारण ५२९ पुरतात. म्हणजे खरी बचत २९ ची. आता दुसरी बाजू. मुलगी तिथे रमली नाही, तुमची बदली झाली किंवा शाळेचंच काही बिनसलं आणि दोन वर्षांनी बाहेर पडावं लागलं, तर तोवरची फी होते २१०. उरलेले २९० परत मिळतील असं लेखी नसेल तर ते गेलेच म्हणून समजा. २९ साठी २९० पणाला लावायचे, तेही नोकरी गेली तर घर चालवायला ठेवलेल्या पैशांतून? शाळेने फी दुपटीने वाढवली तर गणित बदलेल, हे कबूल. पण तशी शाळा मुळात परवडणार आहे का, हेही मग बघायला हवं.

मला जास्त खटकलं ते निराळंच. मुलगी नेमकी कुठे अडते हे माहीत नसताना तुम्ही उपायाची किंमत मोजायला निघालात. पिसा या १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००९ च्या निकालांत अनेक देशांत खासगी शाळांतली मुलं पुढे दिसली, पण घरची परिस्थिती सारखी धरल्यावर तो फरक बराचसा ओसरला. चांगल्या खासगी शाळा नसतात असं नाही. फीच्या आकड्यावरून मात्र ते कळत नाही.

घरी एक गोष्ट करून बघा. तिच्या पुस्तकातला न वाचलेला उतारा तुम्ही मोठ्याने वाचा आणि काय झालं ते तिला तिच्या शब्दांत सांगू द्या. मग तसाच दुसरा उतारा तिला वाचायला द्या. ऐकून कळतंय पण वाचून नाही, तर अडचण बहुधा अक्षरं-शब्द जुळवण्यात आहे, आणि ती नेमक्या सरावाने बऱ्याचदा सुटते. ऐकूनही कळत नसेल तर शब्दसंग्रहाकडे बघायला हवं. दोन्ही बाबतींत डोळे आणि कान आधी तपासून घ्या. फळा नीट दिसत नसलेलं मूल वर्गात 'लक्ष नसलेलं' ठरतं.

मग वर्गशिक्षकांची वेळ मागा, पालकसभेच्या गर्दीत नको. 'कशी आहे?' असं विचारलंत की 'छान आहे' हेच उत्तर येणार. विचारा: ती आत्ता कोणत्या इयत्तेच्या पातळीचं वाचते? कुठल्या प्रकारच्या चुका वारंवार होतात? शाळा त्यासाठी काय करणार आणि दोन महिन्यांनी आम्हाला काय बदललेलं दिसेल? 'समाधानकारक' म्हणजे कशाच्या तुलनेत, हेही विचारा. शिक्षकांना राग येईल म्हणून गप्प बसू नका. बहुतेकांना असे पालक हवेच असतात.

दोन-तीन महिन्यांत काहीच हाललं नाही तर शाळा बदलण्याचा विचार रास्त आहे. त्या महागड्या शाळेतही हेच प्रश्न घेऊन जा, चालू वर्ग बघू द्या म्हणा आणि फी वर्षाची वर्षाला, पगारातून भरा. ती पगारात बसत नसेल तर ठेव मोडूनही पुढच्या वर्षांचं कोडं सुटत नाही. परताव्याची अट शाळेने लेखी दिली तर मात्र तो कागद मला पाठवा, आकडे पुन्हा मांडून बघू.