हॉस्टेलचं सामान: काय न्यायचं, कसं न्यायचं

गोंदिया-नागपूरकडून पुण्याला शिकायला येतोयस ना, मग आधी आईला सांग की गादी बांधायची नाही. गादी, बादली, मग, टेबलफॅन पुण्यातच घे. जून-जुलैत शेवटच्या वर्षाची मुलं हॉस्टेल सोडतात आणि या वस्तू अगदी कमी पैशांत देऊन टाकतात. नवीन गादी लागलीच तर कापसाची घे, वर्षानुवर्षं टिकते.

उरलेल्या सामानासाठी ट्रेनच बरी. स्लीपरच्या तिकिटावर माणशी 40 किलो सामान मोफत नेता येतं, थर्ड एसीलाही तेवढंच. बाबा सोडायला येणार असतील तर दोघांचं मिळून 80 किलो झालं! याहून जास्त असेल तर आधीच स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बुक कर. न बुक करता सापडलास तर दंडासह पैसे जातात. पत्र्याची मोठी ट्रंक घेऊ नकोस, सीटखाली जात नाही. दोन मध्यम बॅगा आणि पुस्तकांचं एक छोटं खोकं पुरे. पुस्तकं एकाच बॅगेत कोंबलीस तर हमखास बंद तुटतात.

सायकल पार्सलने येते. मोटारसायकलही येते, पण पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी हवी, आरसीची प्रत हवी, आणि हेडलाइट-आरसे नीट गुंडाळून घे.

उन्हाळ्यात परतताना सगळं घरी नेऊ नकोस. खोली रिकामी करायला लावली, तर शहरातल्याच एखाद्या मित्राकडे एक खोकं ठेव. त्यावर नाव आणि फोन नंबर मार्करने मोठा लिही.