ज्या ट्रिटियमला आम्ही वैतागायचो

प्रश्न : माझा नातू बारावीला आहे. तो म्हणतो, अणू फोडायचे दिवस गेले, आता अणू जोडून वीज मिळणार. ती स्वच्छ, आणि तिचं इंधन समुद्राच्या पाण्यात. आम्ही तारापूरच्या शेजारी राहतो, म्हणून विचारते. फोडूनही ऊर्जा आणि जोडूनही ऊर्जा, हे कसं? आणि जोडणं इतकं चांगलं, तर आपण फोडत का बसलोय?
— एक आजी, बोईसर

उत्तर : ताई, नातवाचं निम्मं बरोबर आहे. माझा जन्म गेला जड पाण्याच्या (म्हणजे ज्यातला हायड्रोजन जड प्रकारचा असतो अशा पाण्याच्या) अणुभट्टीवर शिफ्ट करण्यात, तेव्हा मी फोडणाऱ्यांची बाजू घेतोय असं वाटलं तर वाटू द्या.

आधी कोडं सोडवू. केंद्रकातले कण सगळ्यात घट्ट बांधलेले असतात ते लोखंडाच्या आसपास. युरेनियमचं केंद्रक भलतंच मोठं, म्हणून सैल. ते फुटलं की तुकडे जास्त घट्ट होतात. हायड्रोजन अगदीच लहान. तो जुळून हेलियम झाला की तोही घट्ट. दोन्हीकडे वस्तुमान किंचित कमी भरतं आणि तेवढ्याची ऊर्जा होते. नातवाच्या पुस्तकात याचा आलेख असेल, लोखंडापाशी टेकाड असलेला. विखंडन, म्हणजे फोडणं, एका उतारावरून चढतं; संमीलन, म्हणजे जोडणं, दुसऱ्या.

आता आमचं इंधन. २२० मेगावॉटच्या भट्टीतलं बंडल म्हणजे १९ नळ्यांची जुडी, हातभर लांब, वजन सोळा किलोच्या आसपास. नवं कोरं असताना ते सुती मोजे घालून हातात घेता येतं. गोदामात थप्पी लावून ठेवा, काही होत नाही. नैसर्गिक युरेनियमच्या हजार अणूंत सहज फुटणारे जेमतेम सात. एक अणू फुटला की त्यातून सुटलेले न्यूट्रॉन पुढचे अणू फोडतात, ही साखळी. न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं जड पाणी भोवती आलं, की मगच ती सुरू होते. बॉम्बला अशा सहज फुटणाऱ्या अणूंचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात लागतं, म्हणून ही भट्टी बॉम्बसारखी फुटू शकत नाही. पण तेच बंडल भट्टीतून बाहेर आलं की मधे काही मीटर पाणी असल्याशिवाय कुणी त्याच्याजवळ जात नाही.

खरी धास्ती आम्हाला वेगळीच. भट्टी ट्रिप झाली की साखळी दोन-चार सेकंदांत थांबते, उष्णता मात्र थांबत नाही. फुटलेले तुकडे तापतच राहतात. बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उरते, म्हणजे आमच्या भट्टीत सुमारे पन्नास मेगावॉट. घरातले पंचवीस हजार गीझर एकदम चालू आहेत असं समजा. दुसऱ्या दिवशीही दोनेक हजार चालूच. म्हणून ट्रिपनंतर आमची नजर आधी पंपांवर जायची. फुकुशिमाला २०११ मध्ये भूकंप होताच भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या होत्या. त्सुनामीने वीज गेली, पंप थांबले, आणि पुढचं सगळं झालं.

संमीलनाचं नेमकं उलट. तिथे थांबवण्याची चिंता नाही, टिकवण्याची आहे. दोन्ही केंद्रकं धनभारित, एकमेकांना ढकलणारी. ती जुळायची तर इंधन १५ कोटी अंशांपर्यंत तापवायचं. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश आहेत आणि तेवढ्यावर त्याचं भागतं, कारण तो अवाढव्य आहे. गाभ्याच्या एका घनमीटरमधून निघतात जेमतेम तीनशे वॉट. तुमचा मिक्सर याहून जास्त खातो! पृथ्वीवर हा मंद कारभार परवडणारा नाही.

डॉ. होमी भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत भाकीत केलं होतं, की वीसेक वर्षांत हे साधेल. माणूस दूरदृष्टीचा, पण हा अंदाज चुकला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत लेसरच्या प्रयोगात पहिल्यांदा इंधनावर टाकलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा निघाली. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. मी आपल्या लाइट बिलाच्या भाषेत हिशोब केला : निघालं एका युनिटपेक्षा थोडं कमी, आणि लेसरांनी ग्रिडमधून ओढली ऐंशीच्या वर युनिटं. फ्रान्समध्ये आपल्यासह अनेक देश मिळून ‘ईटर’ हे संमीलनाचं यंत्र उभारत आहेत, त्याचं प्रचंड क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राभोवतीचं निर्वात भांडं, भारतात घडलं. पण त्या यंत्रातूनही वीज बनवायची नाही, तो प्रयोगच आहे.

राहिलं समुद्राच्या पाण्यातलं इंधन. संमीलनाला दोन प्रकारचे हायड्रोजन लागतात. ड्यूटेरियम पाण्यात मिळतं, ते खरं. आमचं जड पाणी म्हणजे त्याचाच साठा. दुसरं ट्रिटियम. ते निसर्गात नावापुरतंच, आणि सव्वाबारा वर्षांत निम्मं विरून जातं. आमच्याकडे मात्र जड पाण्यावर न्यूट्रॉन आदळून ते आपोआप व्हायचं. वाफेबरोबर हवेत, हवेतून अंगात. म्हणून ठरावीक दिवसांनी बाटलीत लघवीचा नमुना द्यायचा, आकडा वाढला तर आत जाणं बंद आणि वर ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला. आम्ही त्याला शिव्या घालायचो.

संमीलनवाल्यांना नेमकं तेच हवंय. भट्टीभोवती लिथियमचं आवरण ठेवून ट्रिटियम तिथल्या तिथे बनवायचा बेत आहे, पण पुरेल इतकं अजून कुणी बनवून दाखवलेलं नाही. तोवर जगाला विकत मिळणारं ट्रिटियम येतं ते मुख्यतः कॅनडाच्या जड पाण्याच्या भट्ट्यांतून, म्हणजे फोडणाऱ्यांच्याच घरून.