व्याकरणात पैकीच्या पैकी, निबंधात मात्र चुका

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत आहे. इंग्रजी व्याकरणाचे स्वाध्याय ती बिनचूक सोडवते. परंतु स्वतः पत्र किंवा निबंध लिहू लागली की त्याच त्या चुका करते. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेन्ट टू स्कूल’, ‘रवी सेड दॅट आय विल कम’, ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ ही तिच्या वहीतील वाक्ये आहेत. तिला व्याकरणाचे आणखी एक पुस्तक आणून द्यावे की शिकवणी लावावी?
– एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : तूर्त दोन्हींची गरज दिसत नाही. स्वाध्यायात कोणता नियम लावायचा हे प्रश्नच सांगतो. निबंधात मात्र ते आठवून देणारे कोणी नसते आणि अशा वेळी विद्यार्थी मराठी वाक्याची घडण जशीच्या तशी उचलतो. आपण पाठवलेली तिन्ही वाक्ये नेमकी अशीच घडलेली आहेत.

मराठीत ‘जरी’ आले की पाठोपाठ ‘तरी’ येतेच, म्हणून तिने ‘ऑल्दो’ला ‘बट’ची जोड दिली. इंग्रजीला यांपैकी एकच पुरते. दुसरे वाक्य अधिक लक्ष देण्याजोगे आहे. ‘रवी म्हणाला की मी येईन’ या मराठी वाक्यात ‘मी’ म्हणजे रवीच, कारण बोलणाऱ्याचे शब्द, पुरुष आणि काळ आपण सहसा बदलत नाही. इंग्रजीत मात्र ‘दॅट’नंतरचा ‘आय’ हा वाक्य लिहिणारा ठरतो, त्यामुळे येणार कोण हेच बदलते आणि ‘रवी सेड दॅट ही वुड कम’ असे लिहावे लागते. अप्रत्यक्ष कथनाचे कोष्टक पाठ असूनही ही चूक होते, याचे कारण कोष्टकात अर्थाचा हा घोटाळा कोठेच दिसत नाही. (शाळेत हा भाग बहुधा वाक्यरूपांतराचे गणित म्हणूनच शिकवला जातो, ही माझी जुनी तक्रार आहे.) तिसऱ्या वाक्याचे कारण सरळ आहे : ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठीत चालते, इंग्रजीत ‘येस्टरडे’सारखी संपलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळ, म्हणजे ‘आय सॉ हिम येस्टरडे’, एवढेच योग्य.

तेव्हा नवे पुस्तक आणण्याऐवजी तिच्याच जुन्या वह्या काढाव्यात आणि वारंवार होणाऱ्या चुका तिने स्वतः शोधाव्यात, प्रत्येक चुकीशेजारी ते वाक्य मराठीत कसे म्हटले असते तेही लिहावे. नवा निबंध झाल्यावर तो एका बैठकीत सर्व चुकांसाठी न तपासता एका वाचनात एकच गोष्ट पाहावी. उदाहरणार्थ, आधी फक्त क्रियापदांचे काळ. शिक्षकांनीही अशा वेळी चूक दुरुस्त करून न देता केवळ अधोरेखित केली, तर दुरुस्तीचे काम विद्यार्थिनीकडेच राहते.

‘अ’, ‘अॅन’ आणि ‘द’ या उपपदांच्या चुका सर्वांत उशिरा सुटतात, कारण मराठीत त्यांना समांतर अशी व्यवस्थाच नाही. सध्या तिने एवढेच पाहावे की ‘बुक’, ‘टीचर’ यांसारखे मोजता येणारे एकवचनी सामान्यनाम एकटे उभे राहिलेले नाही ना. त्याच्या आधी उपपद किंवा ‘माय’, ‘धिस’ यांसारखा शब्द असावा. ‘बाय बस’, ‘अॅट स्कूल’ असे रूढ अपवाद वाचनातून ओळखीचे होतील.