टर्बो बसला, बूस्ट येईना

वाचकांचे प्रश्न

प्रश्न (खानापूर तालुक्यातून): दादा नमस्कार. आमच्याकडं जुनी कमांडर जीप आहे, अडीच लिटरचं बिनटर्बो डिझेल इंजिन. बाबांच्या वेळेपासनं घरात आहे, विकायची नाही हे ठरलंय. जांबोटीकडं चढ लागला की दम टाकायची म्हणून गेल्या महिन्यात टर्बो (इंजिनाच्या धुरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवून घेतला. तेवढ्याच सीसीच्या टर्बो गाडीचा आहे, स्क्रॅपमधनं आणलेला, मॅनिफोल्डपण (इंजिनाचा गॅस टर्बोत नेणारा पाइप) त्याच गाडीचा, पुढं एक छोटा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी). मिस्त्री म्हणाला होता 10 पीएसआय बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, येणार. आता दारात उभी करून रेस केली तर बूस्ट मीटरचा काटा हलतच नाही, आणि चढाला फुल दाबली तर कसंबसं 3 दाखवतंय. धूर मात्र आधीपेक्षा जास्त, काळाकुट्ट. मिस्त्री म्हणतोय टर्बोच गेलाय, दुसरा बघूया. खरंच गेला असेल काय?

उत्तर: दुसरा टर्बो घेऊ नका अजून, पैसे खिशातच असू देत. तुम्ही धुराचं लिहिलात ते फार बरं झालं, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. काळा धूर वाढला म्हणजे मिस्त्रीनं पंपाचं डिझेल वाढवलंय, पण ते जाळायला लागणारी हवा काय आत पोचत नाही. धूर साफ असता आणि तरी 3 च पीएसआय आलं असतं तर मी म्हटलं असतं पंप बघा, कारण डिझेल गाडीत टर्बो फिरतो तो सायलेन्सरकडं जाणाऱ्या गॅसच्या गरमीवर, डिझेल कमी तर गरमी कमी आणि गरमी कमी तर बूस्ट कमी. तुमचं तसं नाही. तुमची हवा कुठंतरी गळतेय नाहीतर अडकतेय.

आधी दारात उभी करून रेस करायचं सोडा, त्यावरनं काहीच कळत नाही. न्यूट्रलला इंजिनावर लोड नसतो, डिझेल जेमतेम जातं, चांगल्या गाडीतपण काटा तिथं हलत नाही म्हणून टर्बोला नावं ठेवू नका. बूस्ट बघायचं ते चढाला, तिसऱ्या गिअरात, दोन हजार आरपीएमच्या वर, पूर्ण दाबून. आणि मीटर बघायला शेजारी कुणालातरी बसवा, तुमची नजर रस्त्यावर पाहिजे. मीटरची बारकी नळी कुठं दुमडली नाही ना, आणि ती इंटरकूलरच्या पुढं, इंजिनाच्या तोंडाशीच जोडलीय ना, तेवढं बघून घ्या.

आता गळती. यावर मी जरा जास्त लिहितो कारण मी स्वतः यात पोळलोय. माझ्या गाडीला असंच झालं होतं, एका गॅरेजनं टर्बो बदलायला लावला, बदलला, आणि नव्या टर्बोवरपण काटा तिथंच. शेवटी सापडलं काय तर इंटरकूलरच्या खालचा होज, उभ्या गाडीत अगदी घट्ट, हातानं ओढला तरी हलत नव्हता, पण चढाला दाब आला की क्लिपपाशी खालच्या अंगाला उघडायचा आणि ॲक्सिलरेटर सोडला की परत बसायचा. नुसतं बघून ते कधीच कळलं नसतं. त्यामुळं हवेनंच तपासायचं. एअर फिल्टरकडनं टर्बोच्या तोंडात जो होज जातो तो काढा, तिथं बसेल असा पीव्हीसीचा नाहीतर लोखंडाचा बूच घ्या, त्यात टायरचा व्हॉल्व्ह बसवा, बेळगावच्या उद्यमबागेत कुठलाही लेथवाला करून देईल. बूच क्लिपनं आवळा, ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी) नळी त्या होजला जोडलेली असेल तर तिचं तोंड बंद करा, गाडी न्यूट्रलला, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हळूहळू हवा सोडा, अर्धा बार (साधारण 7 पीएसआय) झाला की बास, त्याच्या वर जायचं नाही. तोंड बुचासमोर नको, तो सुटला तर गोळीसारखा येतो. मग साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर मारत जायचं, इंटरकूलरच्या कडेलापण, फेस आला की तिथंच भोक. थोडी हवा इंजिनातनं सायलेन्सरला जाणारच, ती धरू नका. आणि एक, बऱ्याच ठिकाणी रेडिएटरचे पाण्याचे होज तोडून बूस्टला वापरतात, ते गरम झाले की मऊ पडून फुगतात. सिलिकॉनचे घ्या, आणि पाइपच्या टोकाला उंच कडा काढून घ्या, गुळगुळीत पाइपवर कसलीपण क्लिप आवळा, होज सरकतोच.

फिल्टर ते टर्बो हा भागपण विसरू नका. जुन्या जीपला तेलातला फिल्टर असेल तर तो बिनटर्बो इंजिनाच्या हवेच्या हिशोबाचा आहे, आणि तिथला मऊ होज फुल दाबल्यावर आत चिकटतो, काळा धूर त्यानंपण येतो. आत तारेचं वेटोळं असलेला होज बसवा.

गळती नाही सापडली तर टर्बोच्या आधीची बाजू, म्हणजे मॅनिफोल्ड. गाडी थंड असताना सुरू करून कान द्या, टिक टिक टिक असा आवाज येतोय काय आणि गॅस्केटच्या कडेला काजळी धरलीय काय. स्क्रॅपचा मॅनिफोल्ड वाकलेला असतो बऱ्याचदा, नुसतं नवीन गॅस्केट घालून भागत नाही, जोडाची बाजू ग्राइंड करून सपाट करून घ्यावी लागते. तिथनं गॅस निसटला तर तो टर्बोला फिरवणार कसा?

मग वेस्टगेट, म्हणजे बूस्ट जास्त झालं की जादा गॅस बाजूनं सोडणारं झाकण. त्याचा रॉड बंद असताना थोड्या ताणात पाहिजे, ढिला बसवला असेल तर झाकण आधीपासनंच उघडं राहतं आणि गॅस टर्बाइनला वळसा घालून जातो. रॉड हलवणाऱ्या डबीला हवा देऊन बघा, कितीला रॉड हलायला लागतोय ते, 3 पीएसआयलाच हलत असेल तर चोर सापडला. पण काही मिस्त्री तारेनं रॉड बांधून टाकतात किंवा त्याची नळी बंद करतात, बूस्ट येतं म्हणून, ते कृपा करून करू देऊ नका. मग बूस्टला लगाम राहत नाही, आणि हेड गॅस्केट नाहीतर पिस्टन जातो, मी दोन्ही बघितलंय.

जुना बारीक सायलेन्सर तसाच असेल तर तोही हवा अडवतो. टर्बोनंतरचा जोड सोडून त्याच चढाला एकदा चालवून बघा, आवाज होईल पण काटा वर गेला तर कळलं.

टर्बो खरंच गेलाय काय हे एवढं झाल्यावर बघायचं. होज काढून शाफ्ट बोटानं हलवा, आडवा किंचित हलला तर ते बरोबर आहे, बेअरिंग तेलावर तरंगतं. पुढं-मागं जाणवण्याएवढा हलत असेल किंवा पंख्याची पाती घराला घासलेली दिसत असतील तर गेला. आणि त्याची परतीची तेलाची नळी जाड आणि सरळ खाली उतरणारी आहे ना बघा, हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेल तुंबलं तर नवीन टर्बोपण महिन्यात धूर काढेल.

10 पीएसआय आलं की तिथंच थांबा. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन बिनटर्बोच्या हिशोबाचं आहे, पिस्टनला खालनं तेलाचा फवारापण बहुतेक नसणार. टर्बोच्या आधी गॅसची गरमी दाखवणारं मीटर लावा, 700 डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका, पंप त्यावर सेट करून घ्या. कुणी म्हणेल आपला भाग उंचावर आहे म्हणून बूस्ट कमी, तर बेळगाव साधारण 750 मीटरवर, हवा समुद्रकाठापेक्षा सात-आठ टक्के पातळ, तेवढ्यानं 10 चं 3 होत नाही. आणि इंजिनात असा बदल केला की 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू होतं, आरटीओत विचारून घ्या, विम्याच्या वेळी अडचण नको.

प्रश्न (निपाणी): माझी एस्टीम आहे, पेट्रोल, 1.3. डिझेल स्विफ्टचा टर्बो स्वस्तात मिळाला म्हणून बसवला. कमी आरपीएमला छान ओढते पण तवंदी घाटात जास्त आरपीएमला नेली की बूस्ट उतरतंय.

उत्तर: तुमचं गळतीचं दिसत नाही, माप चुकलंय. तो टर्बो चार-साडेचार हजारात दमणाऱ्या डिझेलसाठी केलाय, तुमचं इंजिन सहा हजाराच्या वर जातं आणि तेवढी हवा तो ढकलू शकत नाही. वेस्टगेट आवळून काही होणार नाही, हवा फक्त जास्त गरम होईल आणि इंजिन नॉक करायला (आत खटखट वाजायला) लागेल. शिवाय पेट्रोलचा गॅस डिझेलपेक्षा बराच गरम, 900 डिग्रीच्या आसपास जातो, डिझेलच्या टर्बाइनला तो फार दिवस सोसत नाही. पेट्रोलसाठी केलेला, जरा मोठा टर्बो बघा. तोपर्यंत तवंदी चढून वर आलात की लगेच चावी बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून मग बंद करा.