रिझर्व्हॉयर फ्लुइड आणि फ्लो हे विषय पाठ न करता कसे समजून घ्यावेत?

पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात, फ्लुइड प्रॉपर्टीज म्हणजे नुसते आलेख आणि फ्लो म्हणजे नुसती समीकरणं वाटतात, परीक्षा झाली की सगळं विसरायला होतं, आणि गणितही बेताचं आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी याच कामात आहे. माझ्या मते अडचण पाठांतराची नाही. तुम्ही हे दोन विषय दोन वेगळ्या वह्यांत ठेवले आहेत आणि खरी अडचण तिथेच आहे. विहिरीतून रोज किती तेल येईल या एकाच प्रश्नाची ही दोन अर्धी उत्तरं आहेत.

सुरुवात बबल पॉइंटपासून करा. प्रयोगशाळेत पीव्हीटी सेलमध्ये (दाब, आकारमान आणि तापमान मोजायच्या बंद भांड्यात) तेलाचा नमुना रिझर्व्हॉयरच्या, म्हणजे जमिनीखालच्या तेल साठवणाऱ्या खडकाच्या, तापमानाला ठेवतात आणि दाब टप्प्याटप्प्याने कमी करत आकारमान मोजतात. सुरुवातीला दाब बराच उतरला तरी आकारमान जेमतेम वाढतं. मग एका दाबाला पहिला वायू सुटतो आणि तिथून आकारमान झपाट्याने वाढायला लागतं. आलेखाची रेष जिथे मोडते तो बबल पॉइंट. आता कोरा कागद घ्या, आडव्या अक्षावर दाब मांडा आणि तीन रेषा हाताने काढा: तेलात विरघळलेला वायू, फॉर्मेशन व्हॉल्यूम फॅक्टर (वर आलेल्या एका बॅरल तेलाने खाली किती बॅरल जागा व्यापली होती तो आकडा) आणि व्हिस्कॉसिटी (तेलाचा घट्टपणा). प्रत्येक रेष बबल पॉइंटला का वळते ते स्वतःला विचारा. दाब बबल पॉइंटपर्यंत उतरताना तेल थोडं फुगतं आणि किंचित पातळ होतं. त्याखाली वायू निघून जातो म्हणून तेल आक्रसतं, आणि हलके घटक गेल्यामुळे घट्ट होत जातं. म्हणजे व्हिस्कॉसिटी सर्वांत कमी असते ती बबल पॉइंटलाच. अनेक मुलं ही रेष सरळ खाली उतरवतात. कारण उमजलं की ती पुन्हा चुकत नाही.

आता फ्लो. हेन्री डार्सीने १८५६ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने वाळूतून पाणी सोडून जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यावरच आपलं सगळं शास्त्र उभं आहे. विहिरीसाठी त्याचं रूप असं: परमिअ‍ॅबिलिटी (खडक द्रवाला किती सहज वाहू देतो ते माप), थराची जाडी आणि दाबातला फरक यांचा गुणाकार, गुणिले ०.००७०८ (हा फक्त एककं जुळवणारा आकडा), आणि त्याला व्हिस्कॉसिटी, फॉर्मेशन व्हॉल्यूम फॅक्टर आणि बाहेरची त्रिज्या (विहिरीत तेल जिथपर्यंतून येतं ते अंतर) भागिले विहिरीची त्रिज्या या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग या तिघांच्या गुणाकाराने भागायचं. छेदात काय बसलंय बघा. तुमच्या पहिल्या वहीतले दोन आकडे!

एक उदाहरण करून बघा. परमिअ‍ॅबिलिटी ५० मिलिडार्सी, थर २० फूट, दाबातला फरक ५०० पीएसआय, व्हिस्कॉसिटी १ सेंटिपॉइज, फॉर्मेशन व्हॉल्यूम फॅक्टर १.३, बाहेरची त्रिज्या ७४५ फूट, विहिरीची ०.२५ फूट. लॉग जवळपास ८ येतो आणि उत्तर येतं दिवसाला सुमारे ३४० बॅरल. खडक तोच ठेवून व्हिस्कॉसिटी १० केली की राहतात ३४.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलीय, आणि ती मला आजही विलक्षण वाटते. लॉगचा निम्मा भाग, म्हणजे ४, विहिरीपासून किती अंतरात संपतो? ०.२५ गुणिले ई चा चौथा घात, म्हणजे साधारण साडेतेरा फूट. ७४५ फुटांतला निम्मा दाब शेवटच्या साडेतेरा फुटांत खर्च होतो. म्हणून ड्रिलिंगच्या मडने (विहीर खोदताना वापरलेल्या चिखलासारख्या द्रवाने) एवढासा पट्टा खराब केला तरी उत्पादन कोसळतं, म्हणून स्किनवर, म्हणजे विहिरीलगतच्या या खराबीच्या मापावर, एवढा भर देतात. आणि दाब सर्वांत कमी विहिरीजवळच असल्याने बबल पॉइंटही आधी तिथेच ओलांडला जातो. तिथे वायू सुटला की तो खडकाच्या छिद्रांतली जागा अडवतो आणि तेलाची वाट अरुंद होते. इथे दोन्ही वह्या एक होतात.

पुस्तकातल्या कोरिलेशन्स (मोजमापांवरून बसवलेली अंदाजाची सूत्रं) वापराच, पण त्या कोणत्या तेलावरून बनल्या ते आधी बघा. स्टँडिंगची १९४७ ची बबल पॉइंटची कोरिलेशन कॅलिफोर्नियातल्या तेलांवरून आलेली आहे. आपल्याकडे मुंबई हायचं तेल हलकं आणि चुनखडकातलं. राजस्थानात बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्राचं तेल मेणाने भरलेलं, नेहमीच्या तापमानाला थंडीतल्या तुपासारखं गोठणारं. मंगलाच्या रिझर्व्हॉयरचं तापमान सुमारे ६५ अंश सेल्सिअस आहे आणि त्याच्या थोडंच खाली मेण सुटायला लागतं. म्हणून तिथे जमिनीत सोडायचं पाणी तापवावं लागलं आणि गुजरातकडे जाणारी पाइपलाइनही गरम ठेवावी लागते. शिवाय तेल पाण्यापेक्षा बरंच घट्ट, त्यामुळे पाणी तेलाला ढकलण्याऐवजी त्याला बगल देऊन पुढे पळतं. त्यावर उपाय म्हणून पुढे पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट केलं गेलं. या एका क्षेत्राबद्दल मिळेल ते वाचा. व्हिस्कॉसिटी आणि मोबिलिटी रेशो (पाणी आणि तेल यांच्या वाहण्याच्या सहजतेचं गुणोत्तर) हे शब्द त्यानंतर वेगळे पाठ करावे लागणार नाहीत.

गणिताचं म्हणाल तर लॉग आणि सोपं इंटिग्रेशन येत असलं तरी बरंच निभावतं. वरचं विहिरीचं समीकरण डार्सीच्या नियमापासून स्वतः काढा. पानभरात निघतं, आणि लॉग कुठून आला तेही कळतं. मग मटेरियल बॅलन्स, म्हणजे किती तेल काढलं आणि दाब किती उतरला यांचा हिशेब. डिफ्युझिव्हिटी समीकरण (खडकातला दाब वेळेनुसार कसा बदलत जातो ते सांगणारं) त्यानंतर घ्या. ते उष्णतावहनाच्या समीकरणाच्याच रूपाचं आहे, तेव्हा पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या गणितात ते शिकला असाल तर ती वही आधी बाहेर काढा.