आठ वॅट की साठ?

प्रश्न: माझे स्पीकर 8 ओहमचे, 87 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (म्हणजे एका वॅटमध्ये इतका आवाज काढणारे) आहेत. एका स्नेह्यांकडे 300बी व्हॉल्व्हचा (म्हणजे काचेच्या ट्यूबचा), चॅनेलमागे 8 वॅटचा अँप्लिफायर ऐकला. गाणारा समोर येऊन बसलाय असं वाटलं! तेव्हापासून घरचा 60 वॅटचा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर कोरडा वाटतो. तो विकून व्हॉल्व्हचा घ्यावा का? घरात दोन वर्षांची मुलगी आहे.

उत्तर: अजून विकू नका. स्नेह्यांचे स्पीकर कोणते होते ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि खरी मेख तिथेच आहे. 300बी ही वेस्टर्न इलेक्ट्रिकची 1938 सालची व्हॉल्व्ह. त्या काळात इतक्याशा वॅटांवर सिनेमागृहं चालायची, कारण पडद्यामागे मोठमोठे भोंग्याचे स्पीकर असत. एका वॅटमध्ये ते तुमच्या स्पीकरच्या कितीतरी पट आवाज काढत.

आता तुमचं गणित. 60 वॅट म्हणजे 8 च्या साडेसातपट, पण डेसिबलमध्ये फरक जेमतेम 9. बेताच्या आवाजात गायन ऐकणार असाल तर 8 वॅट पुरतीलही. वाद्यवृंद लावलात की मात्र धाप लागेल. वॅट कमी पडण्याची भीती लोकांना उगाच जास्त वाटते, असं माझं मत.

मला काळजी आहे ती दुसऱ्या गोष्टीची. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत आत घेऊन चूक सुधारण्याची सोय) नसलेल्या 300बी अँप्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला अडथळा, दोन-तीन ओहम असतो, चांगल्या ट्रान्झिस्टरवाल्याचा ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी. स्पीकरवर 8 ओहम छापलेलं असलं तरी तो आकडा सगळ्या सुरांना सारखा नसतो. कुठे 4 वर उतरतो, कुठे 25 वर चढतो. अशा स्पीकरला अडीच ओहमचा अँप्लिफायर जोडला की काही पट्ट्या इतरांपेक्षा तीन डेसिबलने वर येतात. बास थोडा फुगतो, गळा पुढे सरकतो. व्हॉल्व्हचा 'ऊबदारपणा' म्हणतात त्यातला बराच भाग हाच. उरलेला दुसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे अँप्लिफायर स्वतःहून मिसळतो त्या दुप्पट कंपनांच्या सुराचा, तो कानाला गोडच लागतो.

खोटं वाटत असेल तर करून बघा. 2.2 ओहमचे, 10 वॅटचे दोन पांढरे सिमेंटचे रेझिस्टर आणा. अँप्लिफायर बंद करून प्रत्येक स्पीकरच्या लाल वायरीत एकेक, सिरीजमध्ये, जोडा. उघडी टोकं टेपने झाका आणि आवाज बेताचा ठेवा, रेझिस्टर तापतात. मी हे एका व्हॉल्व्हवेड्या मित्राला न सांगता केलं होतं. दुसऱ्या गाण्याला तो म्हणाला, "कुठली ट्यूब घातलीस रे?" रेझिस्टर दाखवल्यावर तासभर बोलला नाही. तुम्हालाही तो आवाज आवडला, तर हौस दोन रेझिस्टरांत भागली. नाही आवडला, तर त्या स्पीकरवर 300बी सुद्धा फारशी आवडणार नाही.

त्यानंतरही व्हॉल्व्हच हवी असेल तर ईएल34 या दुसऱ्या व्हॉल्व्हची पुश-पुल जोडी (दोघी आळीपाळीने भार उचलणाऱ्या), फीडबॅकवाली, घ्या. तीसेक वॅट मिळतील आणि हे स्पीकर ती सांभाळेल. 300बी चाच हट्ट असेल तर आधी 95 डेसिबलच्या पुढचे स्पीकर शोधा.

मुलीचं म्हणाल तर व्हॉल्व्हच्या काचेने हात भाजतो. आत 300-400 व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज उरू शकतो. त्यामुळे जाळीचं झाकण स्क्रूने पक्कं बसवलेलं हवं, नुसतं वर ठेवलेलं नको. आणि मागची स्पीकरची वायर तिच्या हाताला येऊ देऊ नका. गाणं चालू असताना वायर निघाली तर ट्रान्झिस्टरवाला नुसता गप्प बसतो, व्हॉल्व्हवाल्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.