मागुराचा ब्रेक ढिला पडलाय? आधी तेलाला हात लावू नकोस

मागुरा कंपनीचा हा सायकलचा रिम ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. लिव्हर पार हँडलला टेकतोय म्हणजे तेल गेलं असं नाही. बहुतेक वेळा रबरी पॅड झिजलेले असतात. एचएस ३३ या मॉडेलच्या लिव्हरवर लाल गोल नॉब आहे. तो थोडा थोडा फिरवत पॅड रिमजवळ आण. एचएस ११ ला त्यासाठी ॲलन कीचा बारीक स्क्रू असतो. चाक मोकळं फिरतंय ना, तेवढं बघ. पॅडवरच्या खाचा पुसल्या असतील तर सरळ नवे घाल, पण त्याआधी नॉब पूर्ण मागे घे. हे हमखास विसरतात! लिव्हर स्पंजसारखा दबतोय आणि चार-पाचदा पंप केल्यावर कडक होतोय? मग आत हवा आहे, ब्लीडिंग, म्हणजे तेल भरून ती हवा बाहेर काढणं, करावंच लागेल. त्यात फक्त मिनरल ऑइल. गाड्यांच्या ब्रेकमधलं डॉट फ्लुइड घातलंस तर सील गेलेच समज.